वादळाची वर्दी

वादळ होऊन गेले, माणसे मेली, घरे बसली, की 'निसर्गापुढे कोणाचे काय चालते?' असा सुस्कारा टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. भूकंपाच्या बाबतीत हा सुस्कारा काही अंशी क्षम्य मानता येईल, कारण भूकंप सांगून येत नाही. चक्रीवादळाचे तसे नाही. ते भर समुद्रात जन्मास येते, दिवसागणिक वाढते, आणि किनाऱ्यास भिडण्यापूर्वी बहुधा तीन-चार दिवस तरी साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत चालत असते. उपग्रह त्याचा घेर मोजतो, वेधशाळा त्याचा मार्ग आखते, वृत्तपत्रे त्याचे नाव छापतात. इतकी उघड वर्दी मिळूनही माणसे का मरतात, हा प्रश्न आम्हांस निसर्गाच्या सामर्थ्याच्या वर्णनापेक्षा अधिक विचार करण्याजोगा वाटतो. त्याचे उत्तर शोधू लागल्यास, नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपाइन्सवर कोसळलेल्या 'हैयान' या टायफूनइतके बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही.

टायफून, हरिकेन आणि चक्रीवादळ ही तीन निरनिराळी संकटे नव्हेत. अटलांटिक व पूर्व पॅसिफिकमध्ये ज्यास हरिकेन म्हणतात, त्यालाच पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून आणि आपल्याकडे चक्रीवादळ म्हणतात. 'सायक्लोन' हा इंग्रजी शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन याने १८४० च्या दशकात ग्रीक शब्दावरून तो बनविला; सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना त्यामागे होती. 'टायफून' या शब्दात अरबी-फारसीतले 'तुफान' आणि दक्षिण चीनकडील बोलीतला एक शब्द एकमेकांत मिसळले असावेत, असे कोशकार मानतात. पोर्तुगीजांनीही आपल्या भाषेत त्याचे 'तुफांव' करून ठेवले आहे. धोक्याला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न मात्र केवळ कोशकारांचा नाही. पुढे तो आम्हांस पुन्हा गाठणार आहे.

हैयानचे मूळ २ नोव्हेंबर २०१३ रोजी मायक्रोनेशियातील पोनपे बेटाच्या परिसरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रात होते. अशी क्षेत्रे विषुववृत्ताजवळच्या उष्ण समुद्रावर वर्षभर बनतात आणि त्यांतील बहुतेक पावसाच्या चार सरी पाडून विरून जातात. एखाद्याचेच टायफून होते, ते काही अटी जुळून आल्या तरच. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंश सेल्सियसहून अधिक तापलेले हवे, आणि तेही केवळ पृष्ठभागावर नव्हे, तर चांगले पन्नासएक मीटर खोलीपर्यंत. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला जो तिरका रेटा मिळतो तो मिळावा म्हणून ते क्षेत्र विषुववृत्तापासून निदान पाच अंश दूर हवे. ऐन विषुववृत्तावर वादळाला गिरकी घेताच येत नाही. शिवाय खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार तफावत नसावी, नाहीतर उभा राहू पाहणारा ढगांचा मनोरा मध्येच मोडतो.

या अटी एकत्र आल्या की पुढचे काम समुद्रच करतो. तापलेल्या पाण्याची वाफ वर चढते, उंचावर थंड होऊन तिचे ढग बनतात, आणि वाफ होताना तिने सामावून घेतलेली उष्णता तेथे मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर धावते, खालचा दाब आणखी उतरतो, भोवतालची दमट हवा अधिक वेगाने आत ओढली जाते आणि आपल्याबरोबर नवी वाफ घेऊन येते. उत्तर गोलार्धात हे सारे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. मध्यभागी एक निवांत, बहुधा निरभ्र 'डोळा' तयार होतो आणि त्याभोवती ढगांची भिंत उभी राहते. खरा संहार या भिंतीत असतो. डोळा डोक्यावर आला म्हणजे वारा अकस्मात थांबतो. वादळ सरले असे समजून माणसे घराबाहेर येतात, आणि मग भिंतीची दुसरी बाजू उलट दिशेचा वारा घेऊन त्यांच्यावर येते. दर्यावर्दी लोकांना हे पूर्वापार ठाऊक आहे. किनाऱ्यावर वस्ती करून राहिलेल्या नवख्यांना ते सांगावे लागते.

४ नोव्हेंबरला या वादळाचे नामकरण झाले. 'हैयान' हे नाव चीनने सुचविलेले. त्याचा अर्थ वादळी समुद्रावर उडणारे एक पाखरू. फिलिपाइन्समध्ये मात्र स्थानिक प्रथेप्रमाणे त्याला 'योलांडा' म्हटले गेले. ५ तारखेस ते टायफून झाले आणि ६ तारखेस त्याने महाटायफूनचे रूप धारण केले. एरवी मोठे वादळ स्वतःच आपले अन्न तोडते; त्याच्या घुसळणीने खालचे थंड पाणी वर येते आणि त्याची शक्ती उणावते. हैयानच्या वाटेत उष्ण पाण्याचा थर खोलवर होता आणि ते इतक्या वेगाने पश्चिमेस सरकत होते की थंड पाणी वर येईतो ते पुढे निघून गेलेले असे. अमेरिकी नौदलाच्या टायफून केंद्राने त्याचा वेग ताशी ३१५ किलोमीटर असल्याचा अंदाज केला; जपानच्या हवामानखात्याने तो २३० धरला. एवढी तफावत पाहून कोणी शास्त्रज्ञांस हसू नये. पहिला आकडा एका मिनिटाच्या सरासरीचा आहे, दुसरा दहा मिनिटांच्या. आपले हवामानखाते तीन मिनिटांची सरासरी घेते. वृत्तपत्रे यांतला सर्वांत मोठा आकडा उचलतात आणि तुलना करताना फसतात, एवढे आमच्या व्यवसायबंधूंस सांगणे गैर ठरू नये.

८ नोव्हेंबरच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास हैयान पूर्व सामार प्रांतातील गिवान येथे भूमीवर आले. सातच्या सुमारास ते लेते बेटावर तोलोसा येथे पोचले. तेथून मध्य फिलिपाइन्सची बेटे ओलांडीत ते दक्षिण चिनी समुद्रात उतरले, आणि ११ तारखेस उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर जाऊन चीनच्या ग्वांग्शी प्रांतात पाऊस पाडून विझले. जमीन लागली की वाफ मिळत नाही आणि वादळ मरते. हैयान या नियमाला अपवाद नव्हते. जन्मापासून अंतापर्यंत त्याला उणेपुरे नऊ-दहा दिवस मिळाले. त्यांतील तोलोसाच्या उत्तरेकडील ताक्लोबान शहरातले काही तास इतिहासात राहिले.

वर्दी नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. फिलिपाइन्सच्या हवामानसंस्थेने त्या वेळच्या पद्धतीतील सर्वोच्च, म्हणजे चौथ्या क्रमांकाचा इशारा दिलेला होता. समुद्राचे पाणी सात मीटरपर्यंत चढू शकेल हेही सांगितले होते. ७ तारखेच्या सायंकाळी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांनी स्वतः दूरचित्रवाणीवरून देशाला सावध केले. हजारो लोकांना निवाऱ्यांत हलविण्यातही आले. एवढे होऊनही सरकारी हिशोबानेच ६,३०० माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारावर बेपत्ता राहिली. चाळीस लाखांच्या आसपास लोक घराबाहेर पडले. मृतांपैकी फार मोठा भाग एकट्या ताक्लोबान आणि त्याच्या शेजारच्या गावांतला होता. त्यांना वाऱ्याने नव्हे, पाण्याने मारले.

हे पाणी कसे आले ते नीट समजून घेतले पाहिजे. वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरला की तेथील समुद्र थोडा फुगतो; एक मिलिबार दाब कमी झाल्यास पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. हैयानसारख्या वादळात हा फुगवटा मीटरभराचा होतो. परंतु खरा उपद्रव वाऱ्याचा. तासन्‌तास एकाच दिशेने वाहणारा प्रचंड वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. किनारा खोल असेल तर ते तळाशी परत फिरते; उथळ असेल तर त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. ताक्लोबानसमोरचा सान पेद्रो उपसागर उथळ आहे आणि नरसाळ्यासारखा उत्तरेकडे निमुळता होत जातो. ताक्लोबान नेमके त्याच्या टोकाशी. प्रथम उत्तरेकडून वारे सुटले तेव्हा उपसागरातले पाणी बाहेर ढकलले गेले आणि किनारा उघडा पडला. वादळाचे केंद्र दक्षिणेकडून पुढे सरकताच वारा फिरला, आणि गेलेले सारे पाणी नव्या पाण्याला सोबत घेऊन परत आले. पाच-सहा मीटर उंचीचा समुद्र शहरात शिरला. आनिबाँग या किनाऱ्यावरील वस्तीत मोठमोठी जहाजे घरांवर येऊन बसली. विमानतळाची इमारत आतून धुऊन निघाली. वाऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून निवडलेले काही निवारे सखल जागी होते. तेथे आश्रयास आलेले लोक तळमजल्यावर बुडाले.

मग लोक उंच जागी का गेले नाहीत? ताक्लोबानच्या मागे डोंगर आहे. या प्रश्नाचे उत्तर वादळानंतर तेथे गेलेल्या बातमीदारांना, अभ्यासकांना पुनःपुन्हा एकच मिळाले. सूचनांत 'स्टॉर्म सर्ज' असे इंग्रजी शब्द होते. ते कानांवर पडले, पण त्यांतून डोळ्यांपुढे काहीच उभे राहिले नाही. फिलिपाइन्सच्या परिसरात वर्षाकाठी वीसेक वादळे येतात. वारा, पाऊस, उडालेली छपरे ही तेथील लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. हेही तसेच एक, असे समजून बायकामुलांना पाठवून घरातील कर्ता पुरुष चीजवस्तूंवर नजर ठेवण्यास मागे राहिला. 'त्सुनामी' येणार असे सांगितले असते तर आम्ही पळालो असतो, असे कितीकांनी मागाहून म्हटले. शास्त्राच्या दृष्टीने त्सुनामी वेगळी. ती भूकंपाने येते. शब्द चुकीचा न वापरण्याची शास्त्रज्ञांची दक्षता योग्यच होती. मात्र शास्त्रशुद्ध शब्दाचे रूपांतर लोकांच्या बोलीत करण्याचे काम कोणाचे, हे तेथे कोणी ठरविलेले नव्हते.

याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की, हे पाणी त्या किनाऱ्याला नवे नव्हते. फिलिपाइन्समध्ये टायफूनच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा आपल्याहून फारशी धाकटी नाही. मनिला येथील जेझुइट पाद्र्यांच्या वेधशाळेतून फेदेरिको फाउरा यांनी १८७९ मध्येच टायफूनची पूर्वसूचना दिली होती. ऑक्टोबर १८९७ मध्ये याच सामार व लेते बेटांवर मोठे वादळ आले आणि समुद्र गावांत शिरला, तेव्हा त्याच वेधशाळेचे होसे आल्गे यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ग्रंथ स्पॅनिशमध्ये होता, ग्रंथालयांत राहिला. पुढे स्पॅनिश राजवट गेली, अमेरिकन आली, तीही गेली. शाळेतली भाषा बदलली, आणि आजोबांनी पाहिलेले पाणी नातवंडांच्या ऐकिवात राहिले नाही. राजवटीबरोबर जिच्या शाळेची भाषा पालटली अशी एखादी पिढी ज्या घरात आहे, त्या गोव्यातील घराला यातले वेगळे समजावून सांगावयास नको.

पाणी ओसरल्यानंतरची हानी आकड्यांच्या रकान्यांत फारशी दिसत नाही, परंतु ती अधिक काळ टिकते. लेते-सामारचा शेतकरी आपल्या बागाइतदारासारखाच माडावर जगणारा. हैयानने तीन कोटींहून अधिक माड पाडले किंवा निकामी केले. भाताचे पीक पुढल्या हंगामात उभे राहते. माड लावल्यापासून नारळ हाती लागेपर्यंत सहा-सात वर्षे जातात, आणि तोवर त्या कुटुंबाने काय खावे याचे उत्तर कोणत्याही मदतीच्या पाकिटात नसते. सुमारे ३० हजार मासेमारी होड्या मोडल्या. माड गेलेल्याने समुद्राकडे वळावे तर होडी नाही, अशी ही दुहेरी कोंडी होती. त्या किनाऱ्यावरची माणसे गोव्याला परकी नाहीत. जगातील व्यापारी व प्रवासी जहाजांवर गोव्याचा तारवटी आणि फिलिपाइन्सचा खलाशी गेली कित्येक दशके एकाच डेकवर राबत आले आहेत.

परंतु त्याच वादळाची दुसरीही एक हकीकत आहे, आणि ती तितकीशी प्रसिद्ध नाही. सेबू प्रांतातील कामोतेस समूहात तुलांग दियोत नावाचे चिमुकले बेट आहे. वस्ती हजारभर, घरे सुमारे पाचशे. वादळापूर्वी गावकऱ्यांना झाडून सारे शेजारच्या मोठ्या बेटावर हलविण्यात आले. हैयानने बेटावरचे एकूण एक घर जमीनदोस्त केले. माणूस एकही दगावला नाही. तेथे कोणतीही महागडी यंत्रणा नव्हती. वाडीवाडीतील कुटुंबांचे लहान गट आधीपासून बांधलेले होते, कोणी कोणाला बोलवायचे हे ठरलेले होते, आणि निघा म्हणून सांगणारा माणूस ओळखीचा होता. आपल्या ओडिशाचा अनुभवही हेच सांगतो. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. त्यानंतर निवारे बांधले गेले, गावोगाव सराव झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये, म्हणजे हैयानच्या जेमतेम चार आठवडे आधी, 'फायलिन' गोपाळपूरवर आले तेव्हा दहा लाखांच्या घरात लोक हलविले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. फायलिन हैयानइतके बलाढ्य नव्हते हे खरे. परंतु १९९९ च्या वादळाच्या मानाने ते किरकोळ खासच नव्हते.

आता आमच्या दाराकडे वळणे प्राप्त आहे. अरबी समुद्र वादळांच्या बाबतीत सौम्य, बंगालचा उपसागर तेवढा उग्र, या समजुतीवर आपला किनारा आजवर निर्धास्त राहिला. ती समजूत आता टिकणारी नाही. २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी या समुद्रावरील वादळांची संख्या व आयुर्मान दोन्ही वाढत असल्याचे दाखविले आहे. पाणी तापत चालले आहे, हे त्यामागील उघड कारण. २००९ च्या नोव्हेंबरात 'फियान' कोकणातल्या मच्छीमारांवर घसरले. २०१७ च्या 'ओखी'ने केरळ-तामिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांचा घास घेतला. वादळाची वर्दी सुटली तेव्हा त्यांच्या होड्या आधीच खोल समुद्रात होत्या. तेच ओखी गोव्यापासून पुष्कळ दूर असतानाही पेडण्याच्या किनाऱ्यावरील शॅकमध्ये पाणी शिरले. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' आमच्या किनाऱ्यालगत उत्तरेस गेले. त्याचा डोळा समुद्रातच राहिला, तरी गोव्यात दोघांचा बळी गेला, झाडे-खांब कोसळले आणि कित्येक गावांनी रात्री अंधारात काढल्या. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडून त्यावरील सत्तरांहून अधिक कामगार मेले. वादळ येणार हे तेथेही ठाऊक होते.

आम्हांस येथे भाषेचा एक मुद्दा आग्रहाने मांडावयाचा आहे. 'स्टॉर्म सर्ज'ला मराठीत आपण काय म्हणतो? बातम्यांत व सरकारी पत्रकांत बहुधा 'समुद्राला उधाण येण्याची शक्यता' असे छापून येते. आमचेही रकाने त्याला अपवाद नाहीत. परंतु उधाण ही आपल्या किनाऱ्यावर दर अमावास्या-पौर्णिमेस येणारी गोष्ट आहे. रापणकार त्यावर आपले दिवस बांधतो, खाजनातला शेतकरी त्या मानाने मानशीची दारे सांभाळतो. जो शब्द महिन्यातून दोनदा भेटतो, त्याने कोण घर सोडील? ताक्लोबानमध्ये शब्द अनोळखी म्हणून निकामी ठरला, आपल्याकडे तो अतिपरिचयाने निकामी ठरेल. 'वादळी फुगवटा' म्हणा, 'समुद्र चढणे' म्हणा, कोणताही शब्द रूढ करा. मात्र त्याबरोबर गावाचे नाव आणि पाण्याची उंची सांगितली गेली पाहिजे. सात मीटर म्हणजे किती हे मच्छीमाराच्या बायकोला आकड्यावरून कळणार नाही. पाणी चर्चच्या पायऱ्यांपर्यंत येईल की देवळाच्या दीपमाळेच्या निम्म्यापर्यंत, हे सांगितले तर तिला क्षणात कळेल.

मांडवी आणि झुआरीची मुखे रुंद आहेत. आत खाजनांचा मोठा पट्टा भरतीच्या पातळीहूनही खाली, केवळ बांधांच्या भरवशावर उभा आहे. हे बांध जागोजाग फुटलेले असल्याच्या तक्रारी आमच्याकडे वर्षभर येत असतात. ऐन भरतीच्या वेळी आणि योग्य दिशेने एखादे मोठे वादळ या मुखांशी आले तर पाणी कोणत्या वाड्यांपर्यंत चढेल, याचे गणित आज मांडता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोव्याचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु निवारा किती माणसांचा, हे विचारण्याआधी तो किती उंचीवर आहे हे विचारावे लागते. ताक्लोबानमध्ये बुडालेले काही लोक निवाऱ्यातच होते.

किनाऱ्यावरील प्रत्येक पंचायतीने आपल्या गावापुरता पाण्याच्या संभाव्य उंचीचा पट्टा शाळेच्या, देवळाच्या, चर्चच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. वाड्यावाड्यांतून कोणी कोणाला उठवावयाचे याची यादी करावी, आणि त्या यादीत शॅकमध्ये राबणारे परप्रांतीय मजूर व ट्रॉलरवरील खलाशी यांची नावे असावीत. कारण त्यांना ना इथली भाषा येते, ना इथले डोंगर ठाऊक असतात. या कामाला कोट्यवधींचा निधी लागत नाही. पहिली उन्हाळी वादळे मे महिन्यात येतात. मुरगाव बंदरात बावटा चढला की हरमलपासून पोळेपर्यंतच्या वाड्यांना त्याचा अर्थ कोण सांगणार, त्या माणसाचे नाव सरकारने त्यापूर्वी जाहीर करावे.